स्टेथो भेट द्यायचाय? आधी कान कोणाचे ते बघा

या वेळी पत्रांचा ढीग एकाच विषयाचा निघाला. घरातलं कुणीतरी डॉक्टर झालंय, नर्स झालंय किंवा व्हायला निघालंय आणि घरच्यांना त्याला स्टेथोस्कोप द्यायचाय. माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे हा, म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकाला ठेवली आणि यातली पाच घेतली. पहिलं उत्तर लांबलंय, पण बाकीच्यांनीही ते वाचा, कारण त्यातलं बरंच सगळ्यांना लागू आहे.

डॉक्टर ताई नमस्कार, माझ्या बहिणीची मुलगी मेडिकलला लागली. आमच्या घरातली पहिलीच डॉक्टर. मला तिला चांगल्यातला चांगला स्टेथोस्कोप द्यायचाय. दुकानदार म्हणतो कार्डिओलॉजीचाच घ्या, सगळ्यात भारी तोच. आमचे जावई म्हणतात साधा घ्या, पोरं हरवतात. आणि मला तर तिला न सांगता द्यायचाय, एकदम सरप्राइज. काय घेऊ? — भाचीची मावशी

मावशी, दुकानदाराचंही थोडं बरोबर आहे आणि जावयांचंही, पण दोघांनीही भाचीच्या कानाचा विचार केलेला नाही. स्टेथो शेवटी कानात घालायची वस्तू आहे हो, चष्म्यासारखीच, दुसऱ्याच्या मापाचा कितीही भारी चष्मा घातला तरी दिसायचं नाही ते नाहीच.

आधी तिला तो कशाला लागणार ते सांगते. सुरुवातीला बहुतेक बीपी घ्यायला. दंडाला कफ, म्हणजे बीपीच्या यंत्राचा पट्टा, बांधायचा, फुगवायचा, हवा हळूहळू सोडायची आणि कोपराच्या आतल्या बाजूला स्टेथो ठेवून टक टक कधी सुरू होते आणि कधी बंद होते ते ऐकायचं. १९०५ मध्ये कोरोटकॉफ नावाच्या रशियन डॉक्टरांनी हे आवाज सांगितले, म्हणून अजूनही त्यांना कोरोटकॉफ साउंड्स म्हणतात. एवढ्या कामाला खरं तर कुठलाही बरा स्टेथो चालतो. खरी परीक्षा वॉर्डात पेशंट बघायला लागल्यावर, तेव्हा हृदयाचे आवाज, झडपांचे मर्मर, म्हणजे ठोक्यांच्या मधली सळसळ, छातीतली घरघर, क्रेप्स, म्हणजे श्वास घेताना येणारी बारीक चरचर, हे सगळं ऐकायला शिकायचं असतं आणि तिथे हलका, पातळ चेस्टपीसचा स्टेथो कमी पडायला लागतो.

आता चेस्टपीस नीट बघा, म्हणजे छातीवर ठेवतात तो गोल धातूचा भाग. जुन्या पद्धतीच्या स्टेथोला दोन बाजू असतात. एक मोठी, सपाट, वर पातळ पडदा ताणलेला, तो डायफ्राम. दुसरी छोटी, वाटीसारखी उघडी, ती बेल. डायफ्राम जरा दाबून ठेवला की वरच्या पट्टीतले आवाज येतात, श्वासाचे आवाज, हृदयाचे नेहमीचे दोन ठोके. बेल अगदी अलगद टेकवली की खर्जातले आवाज येतात, म्हणजे हृदयाचा तिसरा-चौथा आवाज, किंवा मायट्रल झडप आवळलेली असली तर तिची ती गुरगुर. बेल जोरात दाबली तर खालची कातडीच पडद्यासारखी ताणली जाते आणि खर्ज गायब होतो, हे शिकायला प्रत्येकाला वेळ लागतो. हल्लीच्या बऱ्याच स्टेथोत एकच पडदा दोन्ही कामं करतो, हलका ठेवला की खर्ज, दाबला की वरची पट्टी, त्याला ट्युनेबल डायफ्राम म्हणतात.

इथे एक आठवण सांगते कारण भाचीवर ही वेळ येणारच आहे. मी पहिल्यांदा वॉर्डात एका आजींच्या छातीवर स्टेथो ठेवला आणि काहीच ऐकू येईना. आजी माझ्याकडे बघतायत, मी आजींकडे बघतेय, छाती वर खाली होतेय आणि माझ्या कानात शांतता. मला दरदरून घाम फुटला. शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरनी काही न बोलता माझ्या हातातून चेस्टपीस घेतला, दांडीवर अर्धा फिरवला, टक् असा बारीक आवाज झाला आणि परत माझ्या हातात दिला. ठेवला तर लब-डब लब-डब, इतकं स्पष्ट की मी दचकले. दोन बाजूंच्या स्टेथोत एका वेळी एकच बाजू उघडी असते आणि माझी बेल उघडी होती, मी ऐकत होते डायफ्रामने. तेव्हापासून कानात घातला की आधी पडद्यावर बोटाने हलकी टिचकी मारून बघायची सवय लागली ती आजतागायत आहे. भेट देताना भाचीला एवढं एक सांगितलंत तरी तिचा पहिला दिवस सुखाचा जाईल.

तर मग घ्यायचा कुठला. माझं मत स्पष्ट आहे, शिकणाऱ्या मुलीला मधल्या पायरीचा घ्या. बाजारात साधारण तीन पायऱ्या आहेत असं समजा. सगळ्यात हलके, बीपीपुरते. मग रोजच्या तपासणीचे, चांगल्या स्टीलच्या चेस्टपीसचे, मोठ्यांना एक बाजू आणि लहान मुलांना दुसरी बाजू असे. आणि वर कार्डिओलॉजीचे, त्यांचा चेस्टपीस जड आणि खोल, ट्यूब जाड, बऱ्याचदा एकाच ट्यूबच्या आत आवाजाचे दोन वेगळे मार्ग. लिटमन या ब्रँडचं उदाहरण घेतलं तर लाइटवेट, क्लासिक आणि कार्डिओलॉजी अशी ती चढण आहे, एमडीएफ, एडीसी या कंपन्यांकडेही तशाच पायऱ्या आहेत. क्लासिक थ्री मध्ये मोठी बाजू ४.३ सेंमीची आणि छोटी ३.३ सेंमीची, दोन्हीवर ट्युनेबल पडदे, आणि छोट्या बाजूचा पडदा काढून तिथे रबरी कडा बसवली की ती उघडी बेल होते. शिकताना दोन्ही पद्धती हाताळायला मिळतात हे मला फार पटतं.

कार्डिओलॉजीचा वाईट नाही, उलट फार सुंदर ऐकू येतं त्यातून. पण ज्याचा कान अजून तयार नाही त्याला नेहमीचा ठोका आणि मर्मर यातला फरकच कळत नसतो, तिथे आवाज मोठा होऊन उपयोग काय. शिवाय तो जड, दिवसभर मानेवर जाणवतो. आणि महाग वस्तू हरवेल या धास्तीने मुलं ती कपाटात ठेवतात आणि मैत्रिणीचा मागून वापरतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तिला पुढे हृदयरोग, आयसीयू किंवा अशाच कशात जायचं असेल तर तेव्हा घेईल की, आणि तेव्हा तिचं तिला कळेल काय हवंय ते.

जावई म्हणतात तो साधा कुठला ते विचारा मात्र. दोन वेगळ्या ट्यूब शेजारी शेजारी लोंबत असतात तो स्प्रेग प्रकारचा स्टेथो सगळीकडे स्वस्तात मिळतो. प्रकार वाईट नाही, पण दोन्ही ट्यूब एकमेकींवर घासतात आणि ती खरखर कानात येते, नवशिक्याला ती छातीतलीच वाटते. पहिला म्हणून तो नको.

आता सरप्राइज. मावशी, तुमचा हिरमोड करायचा नाहीये पण अर्धंच सरप्राइज ठेवा. माझ्या हाताखाली एक मुलगी होती, घरच्यांनी सगळ्यात वरचा कार्डिओलॉजीचा स्टेथो दिलेला. राउंडला "मर्मर ऐकू आला का" विचारलं की मान हलवायची. एकदा तिला बाजूला घेऊन विचारलं तर डोळ्यांत पाणी, म्हणाली मॅडम मला कधीच काही नीट ऐकू आलं नाही, मला वाटलं माझ्यातच कमी आहे. तिच्या कानाची भोकं बारीक होती आणि इअरटिप्स, म्हणजे कानात जाणारी टोकं, मोठी. त्या आत जात नव्हत्या, नुसत्या कानाच्या तोंडाशी टेकून बसत होत्या आणि वॉर्डातला सगळा गोंगाट आत शिरत होता. बॉक्समध्ये छोट्या टिप्स पडलेल्याच होत्या, कुणी उघडूनही बघितल्या नव्हत्या. त्या बसवल्या, त्याच पेशंटपाशी परत नेलं, आणि तिचा चेहरा जो काही बदलला तो मी विसरूच शकत नाही. किती महिने त्या पोरीने स्वतःला कमी समजण्यात घालवले.

म्हणून टिप बरोबर बसली की नाही हे एवढ्यावरून ओळखायचं की कानात घातल्यावर खोलीतला आवाज एकदम दबला पाहिजे, पाण्यात डोकं घातल्यासारखा. आणि टिप्सचं तोंड पुढे, नाकाच्या दिशेला हवं, कारण कानाचं भोक तसंच पुढे जातं. उलटा घातला की टिप कानाच्या भिंतीवर टेकते आणि आवाज बंद. फार आवळत असेल तर वरच्या धातूच्या दांड्या दोन्ही हातांनी हळूहळू फाकवायच्या, सैल असेल तर जवळ आणायच्या, झटका द्यायचा नाही.

घेताना बदलून मिळेल का एवढं विचारून ठेवा. नकली मालही भरपूर आहे. बऱ्याच अस्सल पीसवर सिरीयल नंबर असतो, तो नंबर आणि बिल जपून ठेवा. एक गोष्ट मुद्दाम सांगते म्हणजे गोंधळ नको. लिटमन हे डॉ. डेव्हिड लिटमन यांचं नाव, ते अमेरिकेतले हृदयरोगतज्ज्ञ, १९६१ मध्ये त्यांनी हलक्या सुटसुटीत स्टेथोची रचना मांडली, १९६७ मध्ये थ्री एम कंपनीने तो धंदा विकत घेतला. २०२४ मध्ये थ्री एमचा आरोग्यविभाग वेगळा होऊन सॉल्व्हेंटम नावाची कंपनी झाली. त्यामुळे बॉक्सवर हे अनोळखी नाव दिसलं म्हणून लगेच नकली समजू नका.

आणि घरी आणल्यावर तुम्ही स्वतः एकदा कानात घालून बघा, पंखा बंद करा, छातीच्या डाव्या बाजूला जरा खाली ठेवा आणि एक मिनिट ऐका. आपलाच ठोका ऐकला की आपण काय देतोय ते कळतं.

ताई, माझी धाकटी बहीण नर्सिंग पूर्ण करून आयसीयूत लागली आहे. मला तिला स्टेथोस्कोप द्यायचाय पण सगळे म्हणतात नर्सला कशाला भारी हवा, बीपीच तर घ्यायचं असतं. तुम्हाला काय वाटतं? — मोठा भाऊ

भाऊ, हे जे सगळे म्हणतात ना ते आयसीयूत एक रात्र काढून आलेले नसतात. तुमची बहीण पेशंटपाशी सलग कित्येक तास असते, डॉक्टर राउंडला येऊन जातात. सक्शन करून, म्हणजे नळीने छातीतला कफ ओढून काढल्यावर छाती मोकळी झाली का, व्हेंटिलेटरच्या पेशंटला छातीच्या दोन्ही बाजूला हवा सारखी जातेय का, का श्वासाची नळी एकाच बाजूला सरकलीय, काल नसलेले क्रेप्स आज खाली दोन्हीकडे यायला लागलेत का, हे आधी तिच्या कानाला कळतं आणि मग ती फोन करते. मला असे कितीतरी फोन आलेत आणि त्यातल्या काही फोनमुळे माणसं वाचलीत. तेव्हा नर्सला हलका चालेल हा विचार डोक्यातून काढून टाका. आयसीयूत मॉनिटर, पंप, व्हेंटिलेटर यांचा आवाज अखंड चालू, त्यात बारीक आवाज पकडायचे म्हणजे कानात घट्ट बसणारा चांगला स्टेथो तिलाच जास्त लागतो. मधल्या पायरीचा उत्तम, आणि तिच्या बाबतीत मी कार्डिओलॉजीच्या पायरीलाही नाही म्हणणार नाही, फक्त वजनाबद्दल तिला विचारा, पूर्ण ड्युटीभर मानेवर घेऊन फिरायचाय तो तिला.

त्यावरून आठवलं, मानेवर घालतात ना तेव्हा उघड्या कातडीवर नको, कॉलरवर असू दे. घाम आणि अंगाचं तेल लागून लागून ट्यूब कडक होत जाते. उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला तरी तेच.

आणि स्वच्छता. २०१४ मध्ये जिनिव्हाच्या डॉक्टरांनी तपासणीनंतर हात आणि स्टेथो दोन्हीवरचे जंतू मोजले होते, तेव्हा पडद्यावरचे जंतू बोटांच्या टोकांपेक्षा कमी पण तळहाताच्या अंगठ्याखालच्या उंचवट्यापेक्षा जास्त निघाले. म्हणजे तो हातासारखाच धरायचा. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना ७० टक्के अल्कोहोलच्या वाइपने पडदा, कडा, ट्यूब पुसून घ्यायची. पाण्यात बुडवायचा नाही, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, तर अजिबात नाही. संसर्ग पसरू नये म्हणून आयसोलेशनमध्ये वेगळं ठेवलेल्या काही पेशंटना वेगळा स्टेथो तिथेच ठेवलेला असतो, तिथे स्वतःचा न्यायचाच नाही. कडेला रबर असलेला, नॉन-चिल म्हणतात तो घ्या, गार धातू अंगाला लागला की बेशुद्धीतला माणूससुद्धा कधी कधी आक्रसतो. तरीही ठेवायच्या आधी चेस्टपीस क्षणभर तळहातात धरायचा, हे तुमच्या बहिणीला नक्की माहीत असेल.

हो आणि एक, एमआरआयच्या खोलीत पेशंटला सोडायला जाताना गळ्यातला स्टेथो बाहेर काढून ठेवायचा. त्यात लोखंडाचा अंश असला तर चुंबक तो ओढून घेतो.

आदरणीय डॉक्टर, मी स्वतः डॉक्टर, आता निवृत्त. मुलगा डॉक्टर झाला. मी जवळपास तीस वर्षं वापरलेला माझा स्टेथोस्कोप त्याला द्यावा असं फार मनात आहे. पत्नी म्हणते नवीन घेऊन द्या. मला त्यातून अजूनही नीट ऐकू येतं. — एक वडील

सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. द्या, जरूर द्या. फक्त देण्याआधी माझं थोडं ऐका.

चेस्टपीस चांगल्या स्टीलचा असेल तर तो तुमच्यानंतरही टिकेल, त्याला काही होत नाही. जाते ती ट्यूब. तुमचा स्टेथो उजेडात घ्या आणि जिथे एका ट्यूबच्या दोन होतात त्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या सांध्यापाशी दोन बोटांनी वाकवा. नव्या ट्यूबला वाकवलं की ती लवते आणि सोडली की परत येते. जुनी झालेली तशीच ताठ राहते, किंवा वाकल्या जागी पांढरट बारीक भेगा दिसतात, कधी चिकटही लागते. चेस्टपीस जिथे ट्यूबमध्ये शिरतो तिथेही बघा, तिथे चीर पडली की आवाज निसटतो आणि तो इतका हळूहळू कमी होत जातो की रोज वापरणाऱ्याला समजतच नाही. माझ्या बाबतीत अगदी हेच झालं. एकदा सहकाऱ्याचा स्टेथो हातात आला म्हणून त्यातून ऐकलं आणि लक्षात आलं की मी किती दिवस अर्धवट ऐकत होते. ज्या पेशंटना त्या काळात तपासलं त्यांचा विचार मनातून जात नव्हता.

"मला अजून नीट ऐकू येतं" असं तुम्ही लिहिलंय ते खरंच असणार, कारण वयाने आधी जातात ते वरच्या पट्टीतले आवाज आणि हृदयाचे आवाज बहुतेक खर्जातले. पण श्वासाचे बारीक आवाज, सुरुवातीचे क्रेप्स, ते तुमच्या कानाला आता पूर्वीइतके लागत नसतील, आणि त्यात ट्यूबचा दोष किती आणि कानाचा किती हे आपलं आपल्याला सांगता येत नाही. मुलाला शेजारी बसवा, तुमचा आणि एखादा नवा, दोन्हींतून एकाच छातीवर ऐकायला सांगा आणि तो काय म्हणतो ते ऐका.

फरक पडत असेल तर ट्यूब, डायफ्राम आणि इअरटिप्स नव्या टाका, बऱ्याच कंपन्यांचे सुटे भाग मिळतात. चेस्टपीस तुमचा, म्हणजे तीस वर्षं तुमच्या हातात होता तो गोल तोच राहतो. सुटे भाग मिळतच नसतील तर मात्र वहिनींचं ऐका, कामाला नवा द्या आणि तुमचा त्याच्या टेबलावर ठेवायला द्या. पेशंटच्या बाबतीत भावनेपोटी कमी ऐकू येणारं साधन वापरायचं नाही, हे तुम्ही मला सांगायला हवं, मी तुम्हाला काय सांगणार.

आणि तसं पाहिलं तर पहिला स्टेथो कुठे टिकाऊ होता. १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात लेनेक यांच्यापुढे एक तरुण स्त्री हृदयाचा त्रास घेऊन आली, अंगाने स्थूल, हाताने ठोकून काही कळेना, आणि तिच्या छातीला कान लावणं त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची घट्ट गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर, एक आपल्या कानाला, आणि थेट कान लावून ऐकू यायचं त्यापेक्षाही स्वच्छ ऐकू आलं. मग त्यांनी लाकडाची नळी केली, १८१९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला, आणि १८२६ मध्ये क्षयाने गेले, ज्या छातीच्या रोगांचे आवाज त्यांनी जगाला ओळखायला शिकवले त्यातल्याच एकाने. पेशंटची लाज राखता राखता हे साधन जन्माला आलं हे मला विद्यार्थ्यांना सांगायला फार आवडतं, तुम्हीही मुलाच्या हातात स्टेथो देताना सांगा.

ताई, मित्राची इंटर्नशिप सुरू होतेय, आम्ही सगळे मिळून त्याला डिजिटल स्टेथोस्कोप देणार आहोत, मोबाइलला जोडता येतो तो. चांगली आयडिया आहे ना? — मित्रमंडळ

मुलांनो, वस्तू चांगली आहे पण वेळ चुकतेय असं मला वाटतं. डिजिटल स्टेथो आवाज कित्येक पटींनी मोठा करतो, बाहेरचा गोंगाट कापतो, आवाज रेकॉर्ड होतो, मोबाइलवर लाटा दिसतात. ज्यांना कानाने कमी येतं अशा डॉक्टर-नर्ससाठी तर तो वरदानच आहे, श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी काम सोडायची गरज राहिली नाही. शिकवायलाही फार उपयोगी, एक मर्मर वर्गातल्या सगळ्यांना एकदम ऐकवता येतो. तुमच्या मित्राला ऐकण्याची काही अडचण असेल तर आजच द्या, माझं पुढचं वाचूही नका.

नसेल तर थांबा. इंटर्न धावपळीत असतो, चार्जिंग विसरतो, रात्री तीनला कॅज्युअल्टीत बॅटरी उतरलेली असते. आणि मोठा केलेला आवाज वेगळाच वाटतो, त्यात त्वचेची, केसांची, कपड्याची घासही मोठी होऊन येते, ज्याने साध्या स्टेथोने शे-दोनशे नॉर्मल छात्या ऐकलेल्या नाहीत त्याला त्यातलं काय खरं ते उमगत नाही. मी तर म्हणते नॉर्मल ऐकण्यातच पहिलं वर्ष जाऊ दे. तुम्ही जमवलेल्या पैशात चांगला साधा स्टेथो, वर त्याची कडक केस, जास्तीच्या टिप्सची जोडी आणि एक जादा डायफ्राम एवढं बसेल. डायफ्राम तडकतो आणि नेमका पोस्टिंगच्या मधोमध तडकतो.

मॅडम, मैत्रिणीच्या स्टेथोवर तिचं नाव कोरून द्यायचंय. कुठे कोरावं? आणि रंग कुठला? तिला पांढरा-गुलाबी आवडतो. — अनामिका

अनामिका, नाव हवंच, कारण स्टेथो चोरीला कमी जातो आणि "एक मिनिट दे गं" म्हणून जास्त जातो. नाव असलं की फिरून परत येतो. लेझरने चेस्टपीसच्या धातूवर कोरतात, ते पुसलं जात नाही. पडद्यावर काही नको आणि ट्यूबवर पेनाने तर मुळीच नको, ट्यूबच्या प्लास्टिकमध्ये शाई मुरते आणि निघत नाही. म्हणूनच फिक्या रंगाबद्दलही सांभाळून, खिशातल्या पेनाचे, बीटाडिनचे डाग पांढऱ्या ट्यूबवर कायमचे राहतात. गुलाबीच हवा तर गडद गुलाबी, मरून, जांभळा असा घे. काळा किंवा रंगीत मुलामा दिलेला चेस्टपीस दिसतो छान पण टेबलाला आपटून कडेला टवका उडतो, स्टीलचा साधाच बरा. ती लहान मुलांच्या वॉर्डात जाणार असेल तर ट्यूबला लावायची ती छोटी प्राणी-खेळणी देऊ नकोस, मुलं ती तोंडात घालतात आणि ती धुतली जात नाहीत.

आणि कोरून झालेला स्टेथो कुणी बदलून देत नाही. म्हणून आधी तसाच दे, दोन-तीन आठवडे तिला वॉर्डात वापरू दे, टिप्स कुठल्या बसतात, वजन झेपतं का, नीट ऐकू येतं का ते तिला बघू दे, आणि तिने हाच ठेवते म्हटलं की मग दोघी मिळून जा आणि नाव कोरून आणा.